सहा द्रव्यं

विधीने बाटली उलटी केली आणि मागची बारीक अक्षरं वाचायला ती उजेडाकडे धरली. काउंटरच्या पलीकडे प्रेमराज पाटील पुढची बाटली हातात घेऊन तयारच होता. दुपारच्या वेळी पारोळ्याच्या बाजारपेठेत औषधाला येतं कोण? त्यामुळे त्याला वेळही भरपूर होता आणि बोलायची हौस तर बारमाही होती.

“वहिनी, ही घ्या. बठ्ठं शे यात. दुसरं काही लागनारच नही.”

“ही कॅप्सूल आहे, प्रेमराजभाऊ.”

“मग?”

“कॅप्सूलचं आवरण कशाचं असतं?”

प्रेमराजने बाटलीकडे पाहिलं, त्याला जनावरांच्या हाडांपासूनचं जिलेटिन आठवलं आणि त्याने ती फळीवर परत ठेवली. जैनांच्या घरची गिऱ्हाइकी टिकवायची तर काय दाखवायचं आणि काय नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आज तेवढी नजरचूक झाली. त्यानंतरची बाटली माशाच्या तेलाची निघाली. ती त्याने विधीच्या हाती पोचायच्या आतच मागे घेतली.

विधी सासूसाठी आली होती. महिन्याभरापूर्वी धनकुंवरबाई सकाळी मंदिरात गेल्या, पायरीशी चपला काढायला वाकल्या, तर पायात एकच चप्पल. दुसरी वाटेत कुठे गळून पडली ते त्यांना कळलंच नव्हतं. घरी येऊन त्यांनी ते हसत हसत सांगितलं आणि अर्पित, त्यांचा मुलगा, तोही हसला. विधी हसली नाही. संध्याकाळी सासूचे पाय चेपताना तिने तळव्याला हळूच नख टोचून पाहिलं, तर बाई शांतपणे माळ ओढत होत्या. मग धुळ्याच्या डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासून ते म्हणाले, बी-ट्वेल्व्ह पार तळाला गेलंय, दुर्लक्ष केलंत तर पाय कामातून जातील. त्यांनी सुया दिल्या. दुसऱ्याच सुईला बाईंच्या अंगभर गांधी उठल्या. मग सुया बंद केल्या आणि रोज एक गोळी घ्यायला सांगितली, तीही जन्मभर.

गोळी लिहून दिली की लोकांच्या घरातला प्रश्न सुटतो. या घरातला तिथून सुरू होत होता. यजमान फुलचंदशेठ वारल्यावर आलेल्या चातुर्मासात धनकुंवरबाईंनी साध्वीजींपुढे हात जोडून नियम घेतला होता, की दिवसभरात सहा द्रव्यं घेईन. पाणी सोडून जे जे वेगळं तोंडात जाईल ते एक द्रव्य. त्यांची सहा ठरलेली होती : फुलका, वरण, भात, तूप, दूध आणि भाजी. मग घरात लग्न असो की दिवाळी, सातवं नाही. साध्वीजींनी स्वतःहून विचारलं होतं, औषधाची सूट ठेवायची का? बाईंचं तोवर कधी डोकंसुद्धा दुखलं नव्हतं. नको म्हणाल्या. अंगात ताकद असताना माणूस असंच बोलतो.

पुढे रक्तदाब आला आणि त्याच्या गोळीला जागा द्यायची म्हणून भात गेला. थायरॉइड आलं, तूप गेलं. अर्पित सांगून सांगून थकला, की साध्वीजींना निरोप पाठवतो, सूट मागून घेऊ.

“मागितली तर त्या देतील,” बाई म्हणायच्या. “म्हणून तर मागायची नाही.”

आता नवीन गोळी. विधीने आठवडाभर मोबाइलवर वाचून काढलं होतं. साठीपुढच्या बायकांसाठी अमुक, हाडांसाठी तमुक, थकव्यासाठी आणखी काही. वाचावं ते ते आपल्याला लागणारच असं वाटावं, असं सगळं लिहिलेलं असतं. तिने शेवटी ते सोडलं आणि डॉक्टरांचा रिपोर्ट पुढे घेऊन बसली. डी ठीक होतं. लोह ठीक होतं. कॅल्शियमला डॉक्टर म्हणाले होते, रोज पेलाभर दूध घेतात ना, मग काही नको. खाली उतरलेलं होतं ते एकच.

“नुसती बी-ट्वेल्व्हची द्या,” ती म्हणाली. “हिरवा ठिपका पाहून.”

“एवढीच?”

“एवढीच.”

प्रेमराजला वाईट वाटलेलं दिसलं. पण हार मानणं त्याच्या स्वभावात नव्हतं. गोळ्यांची पट्टी पुढे करत तो म्हणाला, “वहिनी, ही जिभेखाली ठेवायची शे. तिथंच विरघळस. गिळायचीच नही, मग ती खाल्ली कुठे? द्रव्य कसं धरनार?”

विधीला हसू आलं. “हे तुम्ही स्वतः घरी येऊन मम्मीजींना सांगा.”

“नको बा,” प्रेमराज म्हणाला. “अक्कासमोर मन्ही बोलती बंद व्हई जास.”

घरी धनकुंवरबाई ओट्याखाली बसून मूग निवडत होत्या. विधीने पट्टी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटसुलट केली, बोटाने एक गोळी चाचपली.

“किती?”

“एकच. रोज. जिभेखाली ठेवायची.”

“तोंडात गेलं की द्रव्य,” त्या म्हणाल्या. प्रेमराजची वकिली तिथेच निकालात निघाली. मग थोडा वेळ त्या मुगातले खडे बाजूला करत राहिल्या. “बरं. बसवते सहात.”

विधी आत जाऊन बोटांवर मोजायला लागली. ताटात उरलं होतंच किती? फुलका आणि वरण सुटणं शक्य नव्हतं, त्यावर तर जीव चालला होता. म्हणजे दूध नाहीतर भाजी. आणि दूध बाई सोडणार नाहीत, हे घरातलं कोणीही सांगितलं असतं. साक्रीकडच्या त्यांच्या माहेरी दारात गाई होत्या. सकाळी पेला दोन्ही हातांत धरून खिडकीशी बसून दूध प्यायचं, हा त्यांचा दिवसातला एकच लाड. तेव्हा जाणार होती ती भाजी.

भाजी म्हणजे विधीचं सगळं होतं. वरण कोणीही केलं तरी वरणच लागतं, फुलके तर घरकामाला येणारी ताईबाईच लाटायची. माणसाचा हात ओळखू येतो तो भाजीत. लग्न होऊन जळगावहून या घरात आली तेव्हापासून विधी रोज ताज्या भाजीवर जीव टाकत आली होती. गिलकी, गवार, वालाच्या शेंगा, आठम-चौदसला, म्हणजे अष्टमी-चतुर्दशीला, हिरवं चालत नाही तेव्हा बेसनाचे गट्टे. अर्पित मोबाइल बघत जेवायचा, त्याला गवार आणि गिलक्यातला फरक दुसऱ्या फुलक्याला कळायचा. आणि धनकुंवरबाई एक शब्द बोलायच्या नाहीत. तेही नियमातलंच होतं. आपण खातो त्या अन्नाला नावं ठेवायची नाहीत आणि वाखाणायचंही नाही, घास वाखाणला की जीभ मालकीण होऊन बसते, असं त्या मानायच्या. विधीला हे पटायचं, तरी रोज ती त्यांच्या तोंडाकडे बघत बसायची. एखादा शब्द निसटेल, चांगला नाहीतर वाईट, असं तिला वाटायचं. तो कधी निसटला नाही. मग रिकामी वाटी हीच शाबासकी, अशी तिने स्वतःची समजूत घालून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी जेवायला वाढताना तिने फुलका वाढला, वरण वाढलं आणि भाजीची कढई तशीच हातात धरून उभी राहिली.

“भाजी वाढ,” बाई म्हणाल्या.

विधीने पटकन वाढली. मग सोडलं काय, हे त्याच वेळी विचारायला हवं होतं. ते तिच्या ओठांवर आलंही. पण विचारायला जावं आणि त्यांनी विचार बदलावा, अशी धास्ती तिला वाटली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसंच झालं. ती काही बोलली नाही. त्यानंतरही बोलली नाही.

गोळी लागू पडली. हळूहळू बाईंना फरशीचा गारवा कळायला लागला. एकदा अंगणात बाभळीचा काटा रुतला तेव्हा त्या “आई गं” म्हणाल्या आणि अर्पितने पेढे आणायची तयारी दाखवली. विधीने जळगावला आईला फोन करून सगळं सांगितलं : दुकानात कशा ढीगभर बाटल्या होत्या, आणि त्यातून आपण नेमकी हवी तेवढीच कशी घेतली. सांगताना तिचा आवाज थोडा फुगला होता, ते आईच्या लक्षात आलं असणार.

पावसाळा सरत आला होता. ताईबाई मागच्या दारी भांडी घासत होती आणि विधी शेंगा सोलत उंबऱ्यावर बसली होती.

“वहिनी, अक्का बारीक होई राहिन्यात,” ताईबाई म्हणाली. “झंपर पाहा कसा ढिला पडस.”

“वय झालं आता.”

“वय कशानं? दूध पेत नहीत ना त्या.”

विधीने मान वर केली.

“माले देतस रोज सकायले,” ताईबाई कढई घासता घासता सांगत होती. “मी म्हनं, अक्का, मन्हं पोट भरेल शे, तुम्ही प्या. तर म्हनतस, मन्हं बठ्ठं हुई गयं. तुमले माहीत नव्हतं?”

विधीला माहीत नव्हतं. पण माहीत करून घेतलं नव्हतं हेही तितकंच खरं होतं. शेंगांची परात तिथेच ठेवून ती गच्चीवर गेली. धनकुंवरबाई कोवळ्या उन्हात चटईवर बसल्या होत्या, हातात माळ होती. ब्लाउजची बाही दंडावर खरंच लोंबत होती, आणि रोज समोर असून ती आपल्याला दिसली नाही याची विधीला लाज वाटली.

“मम्मीजी, दूध सोडलंत तुम्ही?”

माळ थांबली. बाई खोटं बोलत नसत.

“गोळीला जागा हवी होती.”

“मग भाजी सोडायची होती. दूध कशाला?”

“दूध काय, गवळी आणतो,” त्या म्हणाल्या आणि माळेतला पुढचा मणी ओढला.

जिना उतरताना विधीला त्याचा अर्थ लागला आणि मधल्या पायरीवर ती बसलीच. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिला आनंद झाला होता, इतका की तो लपवावा असं वाटलं, आणि अशा गोष्टीचा आपल्याला आनंद होतो म्हणून स्वतःचा रागही आला. खाली येऊन तिने डॉक्टरांना फोन लावला.

“दूध बंद?” डॉक्टर म्हणाले. “या वयात? आणि वाटीभर डाळीवर किती दिवस काढणार आहेत त्या? पाय सुधारतील आणि उभं राहायला अंगात काही उरणार नाही. दूध सुरू करा. नसेल जमत तर कॅल्शियमची गोळी आणि प्रोटीनची पावडर लिहून देतो.”

आणखी दोन द्रव्यं. म्हणजे ताटात शेवटी एकाच कशाला तरी जागा उरली असती. विधीने दूधच सुरू करते म्हणून फोन ठेवला.

सांगून पाहण्यात अर्थ नव्हता, तरी अर्पितने सांगून पाहिलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, हो म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पेला पुन्हा ताईबाईच्या हातात दिला. पालथ्या घड्यावर पाणी. विधी म्हणाली, मी भाजी वाढतच नाही. त्यावर बाई म्हणाल्या, “तू नाही वाढलीस तर मी हाताने घेईन,” आणि हे त्या अगदी साधेपणाने म्हणाल्या.

मग तिने युक्ती केली. दुधी भोपळा किसून दाट दुधात शिजवला, वर वेलदोडा घातला, जिऱ्याची फोडणी दिली. शिजून एकजीव झालेल्या पदार्थाला एकच द्रव्य धरतात, हे तिला माहेरीच शिकवलं होतं. धनकुंवरबाईंनी वाटीत बोट बुडवलं.

“हे काय?”

“दुधातली दुधी. आमच्या जळगावला करतात.”

“चवीसाठी घातलंस दूध?”

विधी फुलका वाढायला वळली.

“चवीसाठी घातलं असतंस तर एक,” बाई म्हणाल्या. “मला पाजायचं म्हणून घातलंस, मग दोन.”

त्यांनी वरणाची वाटी ताटाबाहेर ठेवली आणि जेवायला लागल्या. म्हणजे दूध पोटात गेलं, पण वरण गेलं. सासूबाई हुशार तर सूनबाईने निदान तेवढं तरी हुशार असावं, असं विधी मनात म्हणाली आणि तिला रडावं की हसावं ते कळेना.

दुसऱ्या दिवशी गिलकी होती, कोवळी, सकाळीच बाजारातून आणलेली. विधीने ती चिरली, फोडणीला टाकली, झाकण ठेवलं. मग मिठाचा डबा उघडून ती बराच वेळ तशीच उभी राहिली. भाजी तोंडात धरवणार नाही इतकी बिघडली, एकदा नाही, रोज बिघडत गेली, तर बाई आपणहून ती सोडतील आणि दुधाकडे वळतील. दुसरा मार्ग तिला दिसत नव्हता. स्वतःच्या हाताने स्वतःची भाजी नासवायची वेळ येईल असं तिला कधी वाटलं नव्हतं. तिने डोळे मिटून चमच्यावर चमचा मीठ घातलं आणि ढवळलं.

अर्पित आपल्या दुकानावर होता. ताटावर धनकुंवरबाई एकट्याच होत्या. त्यांनी फुलक्याचा तुकडा मोडला, त्यात गिलकी धरली आणि घास तोंडात घातला. जबडा क्षणभर थांबला. मग हलला. त्यांनी तो गिळला आणि दुसरा घास घेतला. चेहऱ्यावर काही नव्हतं, रोज जसं नसतं तसंच. तिसरा घास घेतला, चौथा घेतला. मधे पाणी प्यायल्या. विधी समोर बसून बघत होती. भाजी निम्मी संपली तेव्हा तिला एकदम रक्तदाब आठवला. इतकं साधं आपल्या लक्षात कसं आलं नाही, या विचारासरशी तिने हात पुढे करून वाटी उचलून घेतली.

“नका खाऊ, मम्मीजी. मी मुद्दाम घातलंय मीठ.”

“कळलं मला,” बाई म्हणाल्या. “पहिल्याच घासाला.”

“मग खाल्लीत कशाला?”

“वाढून घेतली होती.”

“बोलायचं तरी.”

त्यांनी ताट जवळ ओढलं. ताटात पेलाभर पाणी ओतलं, कडेचे कण बोटाने त्यात मिसळले आणि ते धुवण प्यायल्या. अन्नाचा कण टाकायचा नाही म्हणून त्या रोजच ताट धुऊन पीत. आज ते पाणीही खारट असणार. विधीला बघवेना.

“मला तुमचे पाय हवेत,” ती म्हणाली. “तुम्ही चालायला हव्या आहात. भाजीचं मला काही नाही.”

“काही नाही?”

विधीने पदराने नाक पुसलं. “आहे,” ती म्हणाली. “खूप आहे. पण पाय हवेत.”

धनकुंवरबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग हात टेकवून उठल्या, भिंतीला धरून दोन पावलं गेल्या आणि दारात थांबल्या.

“उद्या माझं दूध ठेव,” त्या म्हणाल्या.

सकाळी विधीने दूध तापवून पेला भरला आणि खिडकीपाशी नेऊन ठेवला. बाईंनी गोळी जिभेखाली धरली, ती विरघळेपर्यंत बसून राहिल्या आणि मग दूध घेतलं, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत. विधीने पेला रिकामा झालेला पाहिला. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं तरी दुपारचा स्वयंपाक करायला हात उचलेना. गवार निवडून पडली होती. आता ती फक्त अर्पितसाठी करायची आणि स्वतःसाठी. शेवटी तिने कढई ठेवली, तेल तापवलं.

पाठीमागे स्टूल सरकल्याचा आवाज आला. धनकुंवरबाई स्वयंपाकघरात येऊन बसल्या होत्या. या वेळी त्या कधी इकडे फिरकत नसत, ही त्यांची माळेची वेळ. माळ हातात होतीच, पण ती ओढली जात नव्हती. विधी पुन्हा कढईकडे वळली. तिने मोहरी टाकली, ती तडतडल्यावर हिंग टाकला, हळद टाकली, गवार टाकून परतली. सगळ्या घरभर वास पसरला.

“हिंग जास्त पडला,” मागून आवाज आला.

विधीचा हात थांबला. तिने वळून पाहिलं. बाई कढईकडे बघत होत्या.

“आज?”

“नेहमीच पडतो. आणि गवारीला ओवा घालून बघ थोडा.”

“नेहमीच?” विधी म्हणाली. “मग इतक्या वर्षांत एकदाही बोलला नाहीत ते?”

“तेव्हा खात होते ना,” धनकुंवरबाई म्हणाल्या.